आवाजात चटचट, माउस अडखळतो: दोष खरंच सामायिक आयआरक्यूचा असतो का?

रात्री साडेअकरानंतर आमचं कन्नमवार नगर जरा निवतं. हायवेची घरघर असते, पण खिडक्या लावून जाड पडदा ओढला की माइकला ती फारशी लागत नाही. तेव्हा मी वाचायला बसते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी क्रमिक पुस्तकं ध्वनिमुद्रित करण्याचं काम गेली ६ वर्षं करतेय. एक धडा साधारण ४० मिनिटांचा. मागच्या पावसाळ्यात एका रात्री इतिहासाचा अख्खा धडा वाचून झाला, हेडफोन लावून ऐकायला घेतला आणि तिसऱ्याच मिनिटाला 'चट्'. थोड्या वेळाने पुन्हा. तेही नेमकं शब्दाच्या मधोमध, 'सिंधू'मधला 'धू' अर्धाच. डोळस मुलगा पुस्तकात बघून घेईल, पण ज्याच्याकडे फक्त माझा आवाज आहे त्याचा तो शब्द गेलाच. म्हणून ही चटचट मला कुठल्याही परिस्थितीत घालवायची होती.

मशीन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक-बाजारातून सुटे भाग आणून जोडलेलं, चार कोअरचा प्रोसेसर, विंडोज १०. माइक एका यूएसबी साउंड इंटरफेसला, तो मागच्या पोर्टला. चट् व्हायची त्याच क्षणी माउसचा बाणही डोळा लवण्याइतका थबकायचा. हे लक्षण नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

माझा भाचा ओंकार आला. त्याने डिव्हाइस मॅनेजर उघडला, व्ह्यू मेनूतून 'रिसोर्सेस बाय टाइप' निवडलं आणि 'इंटरप्ट रिक्वेस्ट'ची यादी उलगडली. इंटरप्ट रिक्वेस्ट, म्हणजेच आयआरक्यू, ही 'माझ्याकडे लक्ष दे' म्हणून उपकरणाने प्रोसेसरला मारलेली हाक, आणि ज्या ओळीवरून ती येते तिला नंबर असतो. "मावशी, हे बघ. ग्राफिक्स कार्ड, तुझा यूएसबी कंट्रोलर आणि हे दोन रूट पोर्ट, चौघं एकाच १६ नंबरवर. एकच ओळ चौघांत वाटलेली, मग ते एकमेकांशी भांडणार आणि चटचट होणारच!"

पटण्यासारखं होतं. मलाही पटलं. पण ते बरोबर नव्हतं, आणि का नव्हतं हे कळायला मला पाच आठवडे लागले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितेय.

ही समजूत आली कुठून?

ती हवेतून आलेली नाही. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत इंटरप्टच्या ओळी होत्या ८. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये दुसरी चिप जोडून १६ झाल्या, पण त्यातली एक ओळ दोन चिपा एकमेकींना जोडण्यात खर्च व्हायची, म्हणजे हाती १५. घड्याळाला एक, कीबोर्डला एक, फ्लॉपीला एक, हार्ड डिस्कला एक. उरलेल्यांत साउंड कार्ड, प्रिंटर, मोडेम यांची ओढाताण. कार्डं खोचायच्या त्या काळच्या आयएसए स्लॉटमध्ये सिग्नलची नुसती कड (तो बदलतो तो क्षण) ओळखली जायची. दोन कार्डं एका ओळीवर बसली की एकाची हाक दुसऱ्याच्या हाकेत बुडून जायची. लॅमिंग्टन रोडच्या जुन्या दुकानदारांनी कार्डावरचे जंपर (नंबर ठरवणाऱ्या पिनांवरच्या टोप्या) इकडचे तिकडे करत कित्येक संध्याकाळी घालवल्यात. तेव्हा 'आयआरक्यू भांडतायत' हे निदान अचूक होतं.

पीसीआय नावाचे नवे स्लॉट आल्यावर रचनाच बदलली. तिथे सिग्नलची कड नाही, पातळी बघतात: कार्डाचं काम होईपर्यंत ओळ दाबलेली राहते, त्यामुळे दोघांनी एकदम दाबली तरी कुणाची हाक हरवत नाही. म्हणजे पीसीआयमध्ये ओळ वाटून घेणं ही मुळातच धरून चाललेली गोष्ट आहे. तरीही विंडोज २००० आणि एक्सपीच्या काळात बऱ्याच मशीनवर सगळी पीसीआय कार्डं ९ नाहीतर ११ नंबरवर गोळा झालेली दिसायची, आणि ध्वनिमुद्रण करणारी मंडळी कार्डं या स्लॉटमधून त्या स्लॉटमध्ये हलवत बसायची. तोच सल्ला अजून फिरतोय.

एका ओळीवर चौघं असले की नेमकं काय होतं? चाळीच्या दारात एकच घंटा आहे आणि वर चार बिऱ्हाडं आहेत, असं समजा. घंटा वाजली की प्रत्येकजण डोकावून विचारतो, "आमच्याकडे का?" ज्याचा पाहुणा तो खाली येतो, बाकीचे आत जातात. संगणकातही तेच. इंटरप्ट आला की त्या ओळीवरच्या ड्रायव्हरांना (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामांना) पाळीपाळीने विचारलं जातं आणि प्रत्येक ड्रायव्हर आपल्या कार्डाचं एक रजिस्टर, म्हणजे त्यावरचा छोटा नोंदकप्पा, वाचून 'माझा' किंवा 'माझा नाही' सांगतो. असं एक वाचन साधारण एका मायक्रोसेकंदाचं. तिघांना फुकट विचारावं लागलं तर तीन-चार मायक्रोसेकंद गेले.

आता माझ्या ध्वनिमुद्रणाचा हिशोब मांडा. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने आणि ते तात्पुरते साठवणारा कप्पा, म्हणजे बफर, २५६ नमुन्यांचा. म्हणजे मशीनला दर वेळी सुमारे ५,३०० मायक्रोसेकंदांची उसंत आहे. त्यातून तीन-चार गेल्याने चट् होत नाही. सेकंदाला हजार वेळा घंटा वाजली तरी एका कोअरचा अर्धा टक्काही खर्च होत नाही. हा हिशोब मी पहिल्याच दिवशी कागदावर केला असता तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाच नसता.

चट् व्हायची तर कुणीतरी पाच-सहा हजार मायक्रोसेकंद प्रोसेसर अडवून धरायला हवा. चाळीच्याच भाषेत, जिन्यात कुणाचं तरी कपाट अडकायला हवं. मग घंटा कुणासाठी वाजली, किती बिऱ्हाडांची सामायिक होती, याने फरक पडत नाही. सगळेच खोळंबतात. संगणकातलं हे कपाट म्हणजे डीपीसी. इंटरप्ट आल्यावर ड्रायव्हर तातडीची नोंद लगेच करतो आणि बाकीचं काम 'नंतर करू' म्हणून मागे ठेवतो, ते काम म्हणजे डीपीसी. तातडीचं काम २५ मायक्रोसेकंदांत आणि मागचं १०० मायक्रोसेकंदांत उरकावं, असं मायक्रोसॉफ्टच ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सांगते. सगळेच ते पाळत नाहीत. आणि डीपीसी चालू असताना, नव्या इंटरप्टची तातडीची नोंद सोडली तर, त्या कोअरवर दुसरं काहीच हलत नाही, आवाजही नाही आणि माउसही नाही. बाण थबकायचा तो त्यामुळे.

आमची पहिली दुरुस्ती, आणि ती फसली कशी

ओंकारने इंटरफेसची वायर मागच्या पोर्टमधून काढून दुसऱ्या पोर्टमध्ये घातली, तो पोर्ट २३ नंबरवरच्या वेगळ्या कंट्रोलरचा होता. शनिवार, रविवार दोन्ही रात्री ध्वनिमुद्रण स्वच्छ. आम्ही खूश. मंगळवारी चटचट परत सुरू.

नंतर आठवलं की त्या शनिवारी त्याने आणखी एक गोष्ट केली होती. मी वाचत असताना अपडेट उतरायला लागू नयेत म्हणून वायफाय बंद करून ठेवलं होतं. मंगळवारी फाइली पाठवायच्या म्हणून मी ते चालू केलं. दोन बदल एकदम झाले आणि श्रेय चुकीच्या बदलाला गेलं. वारंवार उलटणारा दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत तारीख, वेळ, काय बदललं ते लिहा. आमच्याकडे वही नव्हती, म्हणून तीन आठवडे गेले.

मधल्या काळात आम्ही एमएसआयचाही प्रयोग केला. नव्या पद्धतीत कार्ड ओळ दाबत नाही, मेमरीतल्या ठरलेल्या पत्त्यावर छोटा संदेश लिहितं, तोच इंटरप्ट. प्रत्येक उपकरणाचा संदेश वेगळा, त्यामुळे वाटून घेण्याचा प्रश्नच उरत नाही. इंटरप्ट लागणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे पीसीआयच्या पुढच्या पिढीच्या, उपकरणांना ही सोय ठेवणं बंधनकारक आहे आणि विंडोजने व्हिस्टापासून तिला आधार दिलाय. डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत काही नंबर ऋण दिसतात ना, उणे २, उणे ५ असे? ती एमएसआयवर चालणारी उपकरणं. घाबरून जाऊ नका, तो बिघाड नव्हे.

आमचं ग्राफिक्स कार्ड जुन्याच पद्धतीने चालत होतं. ओंकारने रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या कोठारात) त्या कार्डाच्या 'इंटरप्ट मॅनेजमेंट'खाली एमएसआयची किंमत १ केली, मशीन पुन्हा चालू केलं, आणि कार्ड १६ नंबरवरून उठून ऋण नंबरवर गेलं. चटचट तशीच. हा प्रयोग करायचाच असेल तर आधी रिस्टोअर पॉइंट (मागे परतायची खूण) करून ठेवा आणि डिस्कच्या कंट्रोलरला हात लावू नका. ज्या उपकरणाला एमएसआय झेपत नाही त्यावर तो लादला तर विंडोज उठायचं थांबू शकतं. आम्ही तो बदल परत मूळपदावर आणला.

मोजायला घेतलं तेव्हा

आधी आवाजाची फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रामात उघडली आणि एका चट्‌पाशी इतकं मोठं करत गेले की लाटेतला एकेक ठिपका दिसायला लागला. लाट वर चढत असताना मध्येच तुटते आणि पुढचा ठिपका भलत्याच उंचीवर. मधला तुकडा गायब. वायर सैल असती तर वेडावाकडा कचरा दिसला असता. इथे कचरा नव्हता, भोक होतं. म्हणजे माइकने आवाज दिला, मशीनला घ्यायला वेळ झाला नाही. मग मी प्रत्येक चट्‌ची वेळ मांडली. अंतर जवळजवळ एकसारखं, मिनिटाच्या आसपास. ठरलेल्या वेळाने येणारा दोष म्हणजे मागे कुणीतरी ठरलेल्या वेळाने काम करतंय.

त्यानंतर ड्रायव्हर प्रोसेसर किती वेळ अडवतात ते मोजणारा लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम लावला. बाकी सगळं बंद, नुसता तो चालू, आणि मी चहा घेऊन समोर बसले. सुरुवातीला हिरवी पट्टी, आकडा १५० मायक्रोसेकंदांच्या आत. पन्नासेक सेकंद काहीच नाही. मग एकदम लाल उडी, ६,००० च्या वर. पुन्हा शांत. पुन्हा मिनिटाने उडी. ड्रायव्हरांच्या यादीचा टॅब उघडून सर्वाधिक वेळ घेणाऱ्यांप्रमाणे लावला, तर सगळ्यात वर नेटवर्कचा भाग एनडीआयएस आणि त्याखालोखाल वायफाय कार्डाचा ड्रायव्हर.

वायफाय कार्ड मधूनमधून आजूबाजूची नेटवर्कं शोधत असतं. आमच्या वसाहतीत एका खोलीतून तीसेक नेटवर्कं दिसतात. ती शोधताना हा ड्रायव्हर प्रोसेसर सोडतच नव्हता. डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय बंद केलं, अर्धा तास ठेवलं: कमाल आकडा ३०० च्या आत. चालू केलं, मिनिटभरात लाल. बंद, हिरवं. हे तीनदा करून पाहिलं, कारण एकदा फसल्यावर मला एका वेळेवर विश्वास ठेवायचा नव्हता.

आणि आता ते वायफाय कार्ड आयआरक्यूच्या यादीत शोधलं. नंबर ऋण. एमएसआयवर. कुणाशीही ओळ वाटून न घेणारं, स्वतंत्र. ज्या चौघांवर आम्ही महिनाभर संशय घेतला ते निर्दोष होते.

कार्ड बनवणाऱ्यांच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घेतल्यावर उडी ४०० च्या आसपास आली आणि चटचट थांबली. तरीही दिवाळीच्या सुमारास ती परत आली. या वेळी शोधायला दहा मिनिटं पुरली: डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरची तारीख पाहिली, तर विंडोजच्या अपडेटने आमचा ड्रायव्हर काढून आपला जुना बसवला होता. 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबलं, उपकरणांचे ड्रायव्हर आपोआप उतरवण्याची सोय बंद केली, आणि कायमचा उपाय म्हणून राउटरपासून टेबलापर्यंत लॅनची वायर ओढली. वाचायला बसायच्या आधी वायफाय बंद करते. तुमच्याकडे यादीत वायफायऐवजी ग्राफिक्सचा, डिस्कचा किंवा बॅटरी आणि पॉवरचं बघणाऱ्या एसीपीआयचा ड्रायव्हर वर असेल, तर रोख तिकडे वळवा. पद्धत तीच.

काही दोष असेच वाटतात पण वेगळे असतात. सतत एकसुरी घूं ऐकू येत असेल तर तो ५० हर्ट्झचा विजेचा गुणगुणाट, अर्थिंग तपासा. जुन्या चाळींत आणि इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो पण आत अर्थची वायरच नसते, इलेक्ट्रिशियनला बोलवा. मशीन अर्ध्या तासानंतरच मंदावत असेल तर पंख्यात साचलेली धूळ आणि तापमान बघा. एक्सपीवाल्या जुन्या मशीनवर डिस्क चालू झाली की सगळंच रखडत असेल, तर डिस्क डीएमए (माहिती थेट मेमरीत नेण्याची वेगवान पद्धत) सोडून पीआयओवर (प्रोसेसरनेच माहिती वाहण्याच्या संथ पद्धतीवर) घसरली असण्याची शक्यता मोठी. सहा वेळा चूक झाली की विंडोज तिला गुपचूप खाली उतरवायचं.

मग सामायिक आयआरक्यूचा दोष कधी नसतोच का? असतो, आणि तो मी आमच्या इथल्या एका छोट्या वाचनालयात प्रत्यक्ष पाहिला. तिथे लिनक्सवर चालणारं जुनं मशीन आहे, पुस्तकांची देवघेव यूएसबी बारकोड स्कॅनरने होते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा स्कॅनर, कीबोर्ड, माउस एकदम लुळे पडायचे. अक्षर दाबलं की कितीतरी वेळाने उमटायचं. पुन्हा चालू केलं की ठीक. काउंटरवरच्या ताईंना संध्याकाळी रांग लागलेली असताना हे व्हायचं, त्यांचे हाल बघवत नव्हते.

तिथे चित्र वेगळं होतं. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदीत स्पष्ट लिहिलेलं: 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड', आणि खाली 'डिसेबलिंग आयआरक्यू १६'. म्हणजे घंटा वाजत राहिली आणि एकही बिऱ्हाड 'आमची' म्हणेना. लाखभर हाकांपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस निघाल्या की लिनक्स ती ओळच बंद करतं, नाहीतर प्रोसेसर घंटेपायीच अडकून बसेल. ओळ बंद झाली की त्यावरचे निरपराधही अडकतात, इथे यूएसबी. विंडोजवर अशा वेळी टास्क मॅनेजरमध्ये 'सिस्टिम इंटरप्ट्स' ही ओळ बघा. एरवी ती एक टक्क्याच्या आत असते. चार कोअरच्या मशीनवर ती २० ते २५ टक्क्यांवर ठाण मांडून बसली असेल, तर एक अख्खा कोअर तिच्यात गेला असं समजा.

सायंकाळी मशीन बिघडायची वाट बघत बसलो. लिनक्सच्या प्रॉक फोल्डरखालची इंटरप्ट्स नावाची फाइल, जिच्यात प्रत्येक ओळीवर किती हाका आल्या ते दिसतं, दर सेकंदाला उघडून पाहत होतो. १६ नंबरचा आकडा सावकाश चढत होता, आणि मग एका क्षणी तो धावायलाच लागला, शेवटचे अंक वाचताच येईनात. बंद करून, वायर काढून, हात आधी कॅबिनेटच्या पत्र्याला लावून आत पाहिलं. एका जुन्या पीसीआय स्लॉटमध्ये सिरियल पोर्टचं कार्ड होतं. कुणे एके काळी पावत्यांच्या प्रिंटरसाठी बसवलेलं, प्रिंटर गेला, कार्ड राहिलं. त्याचा ड्रायव्हरही चालू नव्हता. कार्ड काढलं तर सोनेरी दातांवर हिरवट थर आलेला. खोडरबराने घासून परत बसवलं, तीन आठवडे ठीक चाललं, आणि एका मुसळधार पावसाच्या संध्याकाळी पुन्हा तेच. ओल हे कारण होतं असं मला वाटतं, पण सिद्ध करत बसायची गरज नव्हती, कारण ते कार्ड कुणालाच लागत नव्हतं. कायमचं काढून टाकलं.

आता तिथल्या फाइलमध्ये १६ नंबरवर एकटा यूएसबी कंट्रोलर आहे. उरलेला पावसाळा स्कॅनर एकदाही अडला नाही. कार्ड काउंटरच्या खालच्या खणात आहे, त्यावर ताईंनी चिठ्ठी चिकटवलीय: 'परत लावू नये.'